काळी भाकरी पाहुण्यांपुढे

यंदाच्या श्रावणात आमच्या भिशीतल्या बारा जणी भंडारदऱ्याला जाऊन आलो. तशी दरवर्षी कुठे तरी जायची टूम निघते आणि दरवर्षी कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन असं होत होत शेवटी शिर्डीचं दर्शन घेऊन संध्याकाळच्या स्वयंपाकाला सगळ्या घरी! या वेळी मात्र पैसे आधी गोळा केले. (हे महत्त्वाचं बरं का. पैसे भरलेली बाई मागे फिरत नाही.) गाडी ठरवली आणि सकाळी सहाला संगमनेर सोडलं.

अकोले, राजूर, शेंडी. इथपर्यंत सगळेच जातात. धरण बघायचं, रंधा धबधब्यापाशी फोटो काढायचे, भजी आणि कणीस खायचं की झाली सहल. आम्ही धरणाच्या पाण्याला वळसा घालत मुतखेलवरून पुढे रतनवाडीपर्यंत गेलो. अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं कोरीव देऊळ, मागे ढगात गेलेला रतनगड आणि गुडघाभर पाण्यात उभी भातखाचरं. निसर्गाचं वर्णन मला जमत नाही आणि इथे ते करायचंही नाही. मला सांगायचंय ते जेवणाचं.

आमच्यातल्या एकीच्या भाच्यानं तिथल्या एका वाडीवरच्या घराचा फोन नंबर दिला होता. बारा ताटं सांगून ठेवली होती. एक वाजता पोचलो, ओसरीवर सतरंज्या अंथरलेल्या, ताटं आली. ताटात काय? पनीरची लालभडक भाजी, पोळ्या, जिरा राईस, तळलेला पापड. आमच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मिळतं तेच, फक्त पनीर जरा आंबूस. बिचारीनं आदल्या दिवशी राजूरहून आणवलं होतं आणि घरात फ्रीज नव्हता.

हात धुवायला मी मागल्या दारी गेले. तिथे चुलीवर लोखंडी तवा, तव्यावर नाचणीची भाकरी टम्म फुगलेली, शेजारी कढईत हिरवी भाजी आणि पाट्यावर खुरासणीची चटणी. मावशींची सून आणि दोन पोरी तिथेच बसून जेवत होत्या. तो वास आला आणि खरं सांगते, माझं पोट भरलेलं असूनही पुन्हा भूक लागली. म्हटलं, "मावशी, आम्हाला हे का नाही वाढलं?"

मावशी इतक्या ओशाळल्या की मलाच कसंसं झालं. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "ह्ये आमचं काळं अन्न, ताई. तुमाला न्हाय चालायचं. पावन्यांपुढं काळी भाकर ठिवायची म्हंजी…"

पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती, कारण ते वाक्य मी माझ्या घरात ऐकलेलं आहे.

माझ्या सासूबाई अकोल्याच्याही वरच्या अंगाच्या. लग्न होऊन संगमनेरात आल्या तेव्हा माहेरून नाचणीची एक पायली बरोबर आणली होती. आवडीनं खायच्या. पण त्यांच्या सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, काळी भाकरी पाहुण्यांपुढे यायला नको, लोक म्हणतील दुष्काळातून सून आणली. मग काय, सगळ्यांची बाजरीची-गव्हाची जेवणं उरकली की ह्या मागल्या दाराला कडी लावून एक नाचणीची भाकरी खायच्या. ती पायली संपली आणि पुन्हा मागायची काही त्यांची हिंमत झाली नाही. हे सगळं त्यांनी मला सांगितलं कधी, तर माझी शुगर निघाली आणि डॉक्टरांनी जेवणात नाचणी आणायला सांगितली तेव्हा! मी दुकानातून चकचकीत पिशवीतलं पीठ आणलं. त्यांनी पिशवी उलटसुलट करून किंमत वाचली आणि हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचंच होतं की काय मला अजून ठरवता आलेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असं काही तरी असेल बघा. कुणाच्या माहेरचा कोदरा, कुणाचं हुलग्याचं माडगं, कुणाची अंबाडी. "आमच्याकडे असलं खात नाहीत" हे वाक्य ऐकलं नाही अशी सून विरळाच. जात, गाव, गरिबी हे सगळं ताटावरून ओळखायची आपल्याला सवय आहे. आणि ताट हातात असतं बाईच्या, म्हणून लाजही तिच्याच वाट्याला.

आता गंमत बघा. नाचणी म्हटलं की गावंढळ आणि रागी म्हटलं की डाएट! संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेही आपल्याच देशानं मांडलेल्या प्रस्तावावरून. तेव्हापासून बिस्किटांच्या पुड्यांवर, नूडल्सवर, लाडवांच्या डब्यांवर नाचणी चढली. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पोषणाच्या तक्त्यांत नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम दाखवतात, पांढऱ्या तांदळात ते दहाच्या घरात असतं. चाळिशीनंतर गुडघे धरून जिना चढणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा माहीत असायलाच हवा. (मात्र भाकरी म्हणजे औषध नव्हे, गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा.) प्रश्न एवढाच, की हे धान्य ज्यांनी टिकवलं त्या वाडीवरची बाई अजून ते पाहुण्यांपासून लपवते आणि आपण तेच धान्य चकचकीत पिशवीतून घेतो. मधले पैसे जातात कुठे?

तर त्या दिवशी मी मागल्या दारीच बसकण मारली. पाठोपाठ आणखी चौघी आल्या. मावशी आधी नको नको म्हणाल्या, मग सुनेला म्हणाल्या, "थाप गं अजून दोन." ती पोरगी परातीत गरम पाण्यानं पीठ मळत होती, कारण नाचणीला चिकटपणा नाही. थापताना कड फुटते, उचलताना मोडते. तिच्या हातून मात्र चंद्रासारखी गोल निघत होती. भाजी होती चाईच्या मोहोराची. चाई म्हणजे रानातला वेल, श्रावण-भादव्यात त्याला मोहोराचे तुरे लटकतात. ते काढून, धुऊन, कांदा-मिरचीवर परतलेले. दुसरी करटुल्यांची. खुरासणीची चटणी म्हणजे काळे तीळ नव्हेत हं, खुरासणी वेगळी. डोंगरउतारावर तिची पिवळी फुलं फुलतात, आणि तिचं बी भाजून मिरची-लसूण-मीठ घालून वाटलं की अशी खमंग लागते की शेंगदाण्याच्या चटणीला मी त्या दिवशी मनातल्या मनात रजा दिली.

मावशी हळूहळू खुलल्या. कुठल्या पावसात काय उगवतं हे त्या असं सांगत होत्या जसं आपण मुलांचे वाढदिवस सांगतो. पहिल्या पावसानंतर कुरडू आणि फोडशी, कोवळी असतानाच घ्यायची. भारंगीची पानं कडू, ती उकडून पाणी काढून टाकायचं. शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते. कडूकंद तर असाच खाल्ला तर बाधतो, तो चिरून, पुन्हा पुन्हा उकडून, पाणी बदलून खायचा. म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाल्या, "कनगी रिकामी झाल्यावं काय खानार, ताई?"

इथे मी जरा थांबले. आपण रानभाज्या म्हणजे हौस समजतो. ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, आपण जातो, पन्नास रुपयांची जुडी घेतो, फोटो काढतो. चांगलंच आहे. पण ह्या भाज्यांचं शास्त्र उभं राहिलं ते भुकेतून. आषाढ-श्रावणात गेल्या सालचं धान्य तळाला जायचं, नवं यायला कार्तिक उजाडायचा, तेव्हा घरातल्या बाईनं रानात जाऊन विष कुठलं आणि अन्न कुठलं हे पोरांच्या पोटासाठी शोधून ठेवलं. महादेव कोळी आणि ठाकरांच्या या वाड्यांमधलं हे शहाणपण कुठल्या पुस्तकात नाही, ते ह्या बायकांच्या बोटांत आहे. म्हणून सहलीला गेलात तर उत्साहानं स्वतः पाला तोडायला जाऊ नका. तो ओळखायला जन्म जातो.

दुसरी गोष्ट वरईची. आपल्याकडे भगर म्हणजे उपासाची. एकादशीला, चतुर्थीला पांढरीशुभ्र भगर आणि शेंगदाण्याची आमटी. डोंगरातल्या घरात हीच वरई म्हणजे रोजचा भात होता! आपण देवासाठी जे खातो ते त्या पोटासाठी खात. आणि ती भगर पिशवीत येते तशी शेतात उगवत नाही. बारीकसा दाणा, वर घट्ट टरफल. ते काढायला आधी जात्यावर हलक्या हातानं भरडायचं, मग पाखडायचं, मग उखळात कांडायचं, पुन्हा पाखडायचं. मावशींनी मुसळ माझ्या हातात दिलं. मी मोजून वीस घाव घातले आणि खांदा धरून बसले. सून हसू दाबत होती. एका वेळच्या भातासाठी पहाटे उठून तासभर कांडायचं, मग पाण्याला जायचं, मग शेतात. रेशनवर तांदूळ-गहू मिळायला लागला तेव्हा बायकांनी वरई सोडली, ते कुणी फसवलं म्हणून नाही. त्यांना जरा झोप मिळाली म्हणून!

हे मी मुद्दाम लिहितेय. कारण "जुनं ते सोनं", "आपली परंपरा विसरलो" असं व्यासपीठावरून सांगणारे बहुतेक पुरुष असतात आणि मुसळ त्यांच्या हातात कधी आलेलं नसतं. जुनं अन्न परत आणायचं असेल तर आधी कांडणाचं यंत्र वाडीवर आणा, पिठाची गिरणी जवळ आणा, पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरवा. मावशी सांगत होत्या, पावसाळ्यात दारात तळं साचतं आणि चैत्र-वैशाखात झऱ्यावर रांग लागते. एवढं मोठं धरण नजरेसमोर, १९२६ साली पूर्ण झालेलं, आणि हंडा मात्र डोक्यावर. हे ऐकल्यावर पारंपरिक चवीचं कौतुक घशात अडकतं.

मग काय, सोडून द्यायचं का सगळं? तसंही नाही. त्याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण नातू आजारी पडला आणि त्यांच्या मनानं घेतलं की हे फवारलेल्या भाज्यांचं काम आहे. त्यांनी गावरान बियाणं जमवायला सुरुवात केली. वाल, घेवडा, भात, नागली, पालेभाज्या. राख लावून, मडक्यांत घालून घरातच बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नऊवारीतला त्यांचा फोटो आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला, अभिमानानं हात जोडल्याची चित्रं टाकली. माझ्याही ग्रुपवर पन्नास जणींनी टाकली. त्यातल्या किती जणींनी त्यानंतर डोंगरातल्या एखाद्या बाईकडून किलोभर नाचणी थेट विकत घेतली? मी तरी घेतली नव्हती.

आमच्या बारा जणींत अर्थातच एकमत नव्हतं. ओसरीवर पनीर संपवणारी आमची एक मैत्रीण परतताना गाडीत म्हणाली, "तुमचं काय ते भाकरीकौतुक चालू द्या. मी वर्षभर रोज दोन वेळा भाकऱ्या थापते. एक दिवस घराबाहेर पडले, तर तिथेही भाकरीच खाऊ? मला दुसऱ्यानं केलेलं पनीर पाहिजे, आणि तेही बसल्या जागी!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्यासारखीला सहल म्हणजे देखावा नसतोच मुळी, एक वेळचा स्वयंपाक चुकला हीच सहल.

फक्त ते बसल्या जागीचं ताट वाढणारीही एक बाईच होती. मी मावशींना विचारलं होतं, तुम्ही कधी जाता का कुठे फिरायला? त्यांना प्रश्नच कळला नाही. "फिराया म्हंजी? अगस्तीच्या जत्रंला जातो की शिवरात्रीला." झालं. वर्षातला एक दिवस.

जेवणाचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मुलगा पुढे झाला, मोबाईल धरला, आम्ही खूण स्कॅन केली, पैसे त्याच्या खात्यात. मुलगा चांगला आहे, गैरसमज नको. मुंबईहून येणाऱ्यांना तो तंबू लावून देतो, काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, त्याला रात्र रात्र झोप नसते. पण तंबूवाल्यांचंही जेवण ह्याच चुलीवर होतं आणि धूर ह्याच दोघींच्या डोळ्यांत जातो. त्यांच्या हातात काय पडतं, हे मला विचारायचं होतं. परक्या घरात ते विचारणं बरं दिसेना.

म्हणून निघताना एक केलं. पाच किलो नाचणी, दोन किलो काळभात आणि खुरासणी असं मावशींकडूनच मोजून घेतलं आणि पैसे रोख, त्यांच्या हातात दिले. आता इथे आपल्या जातीचा, म्हणजे बायकांच्या जातीचा, एक दुर्गुण सांगायलाच हवा. आमच्यातली एक चटकन म्हणाली, "मावशी, दहा रुपये कमी करा की किलोमागे, शेतातलंच तर आहे!" शेतातलंच! तीच बाई गेल्या महिन्यात नाशिकला मॉलमध्ये नाचणीच्या बिस्किटांचा पुडा छापील किमतीला, निमूटपणे, रांगेत उभी राहून घेऊन आली होती. मी तिला कोपर मारलं. मावशी तोवर कमी करायला तयारही झाल्या होत्या, कारण घासाघीस करणाऱ्या शहाण्या बायकांपुढे त्यांचं काय चालणार? शेवटी आम्ही त्यांनी आधी सांगितला तोच भाव दिला. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या, घडी केली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि कंबरेला खोचल्या. मुलगा बघत होता. काही बोलला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अशा वाडीवर जाणार असाल तर दोन दिवस आधी सांगा, आणि सांगताना "तुमच्या घरात जे शिजतं तेच द्या" हे स्पष्ट सांगा, नाही तर पनीर येणारच. पनीरच हवं असेल तर तसंही सांगा, त्यात पाप नाही, पण मग ते आंबूस लागलं म्हणून कुरकुर करू नका. ऋतूत जे असेल ते मिळेल, करटुली मे महिन्यात मागू नका. बसता आलं तर चुलीपाशी बसा. आणि भाव करू नका हो, निदान तिथे तरी.

घरी आल्यावर नाचणी दळून आणली. मी थापलेली पहिली भाकरी तव्यावर जाईपर्यंत तीन ठिकाणी मोडली, दुसरी चार ठिकाणी. सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. "सर बाजूला," म्हणाल्या आणि बसूनच परात मांडीजवळ ओढली. हात थरथरत होते, पण भाकरी मोडली नाही. ती त्यांनी आमच्याबरोबर टेबलावर खाल्ली. माझी मुलगी म्हणाली, आजी, हिचा फोटो टाकू का? तर म्हणाल्या, "काळी दिसंल गं फोटोत." साठ वर्षं झाली तरी!

परवाच मावशींना फोन लावला. आमच्या त्या मैत्रिणीसकट सगळ्यांचं दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरतंय, तेव्हा नवी नाचणी निघालेली असते. वाडीत रेंज नसते, मुलगा टेकाडावर गेला की लागतो. दोन दिवसांनी लागला. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "पनीर किती किलो आनू?"

म्हटलं, एकीपुरतं आणा, बाकीच्यांना नको. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "म्हंजी अकरा जनींच्या भाकऱ्या. आधी सांगा बाई नक्की, दळन टाकाया लागंल. आन् हुलग्याचं शेंगुळं चालंल का तुमाला?"

चालेल म्हटलं.